ताटात न मावलेलं वाण

उंदराच्या किडनीचा रक्तपुरवठा काही वेळ बंद ठेवायचा, मग पुन्हा सुरू करायचा आणि तिचं काय होतं ते बघायचं, हे माझं पोटापाण्याचं काम. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत बरीच वर्षं मी ते करते आहे. सकाळी भोरहून एसटी पकडायची, स्वारगेटला उतरायचं, संध्याकाळी त्याच रस्त्यानं परत. भोरमध्ये कुणी विचारलं की, तुम्ही नक्की काय करता, तर माझ्याआधी माझा नवराच उत्तर द्यायचा, "उंदरं सांभाळते. आणि त्याचा तिला पगार मिळतो." तो शाळेत गणित शिकवतो. समोरचा माणूस हसल्याशिवाय त्याला जेवण जात नाही.

मग त्याच्याच दोन्ही किडन्या बसल्या. माझं काम किडनीचं आणि आजार घरातच, इतकी चेष्टा कुणी करू नये. मला दुःख झालं की आधी राग येतो. हा गुण आईकडून आला आहे. मी डॉक्टरांवर चिडले, एसटीच्या कंडक्टरवर चिडले, आणि डायलिसिसच्या मशीनशेजारी पडल्यापडल्या नर्सला कोडी घालणाऱ्या नवऱ्यावर तर फारच चिडले.

एक दिवसाआड डायलिसिस सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, किडनी बदलता आली तर उत्तम. माझा रक्तगट जुळत नव्हता. त्याचे वडील नाहीत, भावंडं नाहीत, त्याच्या आईला साखरेचा जुना त्रास. राहिली माझी आई. ती विंझरला असते, साठीची आहे, अजून भाताच्या खाचरात उतरून सुनेच्या आधी लावणीची पात पुरी करते. तिच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी तिचा रक्तगट कळला होता, आणि तो नवऱ्याला चालणारा होता. मी हळूच विषय काढला तर हा माणूस ताडकन उठून बसला.

"सासूची किडनी? मी विंझरला तोंड कसं दाखवू?"

"किडनी तोंडात बसवत नाहीत," मी म्हणाले.

पण तो हसला नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. जावयानं सासरी जावं, जेवावं, फार तर टॉवेल-टोपी घ्यावी. सासूच्या पोटातलं काढून घेऊ नये, असं त्याचं म्हणणं. मशीनवर राहीन पण हे करणार नाही, असं त्यानं मला बजावलं, आणि आईच्या कानावर हे घालायचं नाही अशी शपथही घातली. मी शपथ पाळली. फक्त माझ्या वहिनीला सगळं सांगितलं. वहिनीसाठी शपथ नव्हती.

त्या वर्षी धोंड्याचा महिना आला. तीनेक वर्षांनी हा अधिक महिना येतो आणि जावयांचे दिवस फिरतात. सासू त्याला बोलावते, पाटावर बसवते, ओवाळते, पुरणाचे धोंडे खायला घालते आणि ताटात दिवा लावून तेहतीस अनारशांचं वाण देते. एरवी आमच्या गावाकडे जावयाला 'पावणं' म्हणतात; त्या महिन्यात त्याला देवच समजतात. आमचे देव सध्या पथ्यावर होते. मी आईला फोन करून सांगितलं, पुरण नको, गूळ नको, मीठ बेतानं, केळं नको, नारळाचं पाणी तर दाखवायचंसुद्धा नाही.

"मग पावण्यांच्या ताटात काय दगडं वाडू का?" आई म्हणाली.

"भात वाढ. बाकीचं मी बघते."

"तू नगंच बगू," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

रविवारी आम्ही निघालो. कापूरहोळ, नसरापूर करत मार्गासनीला पोचलो तर राजगडला निघालेल्या पुण्याच्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला. नवरा खिडकीतून बाहेर बघत होता. खाचरांमधली लावणी उरकत आली होती, बायका चिखलातून उठून पाठी सरळ करत होत्या, आणि त्याला बरं वाटताना मला दिसत होतं. त्याला विंझर आवडतं. तिथं त्याच्या प्रत्येक विनोदाला माझे बाबा हसतात, तोच विनोद तिसऱ्यांदा ऐकतानाही.

जेवणाआधी पाट मांडला. वहिनीनं रांगोळी काढली होती. आई नवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन आली. जावयासमोर ती कधी उघड्या डोक्यानं आली नाही आणि त्याच्याशी चार शब्दांपेक्षा जास्त बोललीही नाही. तिनं त्याला ओवाळलं आणि झाकलेलं ताट पुढं केलं. सवयीप्रमाणे त्यानं दोन्ही हात पसरून ते घेतलं. आईनं वरचं फडकं काढलं. आत दिवा, नारळ, सुपारी. अनारसे नव्हते. मला वाटलं, पथ्य पाळलं म्हणायचं.

"पावणं," आई म्हणाली, "ह्या वक्ताला वाण ताटात मावलं न्हाई. माजी येक किडनी हाय. ती तुमाला दिली."

नवऱ्यानं ते ताट खाली ठेवायला हात वळवले, आणि दारात बसलेले माझे बाबा तिथूनच म्हणाले, "आं आं, पावणं! वाण खाली ठिवायचं नसतंय. आन परत बी करायचं नसतंय."

हे त्यालाही ठाऊक होतं. आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. सासूचं धोंड्याचं वाण परत केलं म्हणजे त्या घराशी नातं तोडलं. तो ताट हातात धरून बसून राहिला. दिव्याच्या उजेडात त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. ताट हलत होतं, म्हणून वहिनीनं दिवा तेवढा उचलून घेतला. आजाराच्या दोन वर्षांत कोड्यांच्या आणि विनोदांच्या आड लपलेला माझा नवरा त्या पाटावर सगळ्यांसमोर रडला. आई मात्र स्वयंपाकघरात निघून गेली होती, कारण जावयाला रडताना बघणं तिच्या हिशेबात बसत नव्हतं. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी आत जाऊन तिच्यावरच ओरडले, मला आधी का नाही सांगितलंस म्हणून.

"तुला सांगिटलं आस्तं तर तू त्यास्नी सांगिटलं आस्तं. मग आलं आस्तं का पावणं?" ती म्हणाली आणि भात उतरवला.

दुपारी नवरा माळ्यावर झोपला. मी आणि बाबा ओट्यावर होतो, तिथं आई माझ्याजवळ येऊन बसली. इतक्या वर्षांत तिनं मला कधी विचारलं नव्हतं, ते तेव्हा विचारलं. "तू त्या उंदरांचं करतीस काय?"

मी सांगितलं. किडनीची रक्तवाहिनी चिमट्यानं बंद केली की आतल्या पेशी उपाशी राहतात. पण गंमत अशी की, खरा घोळ चिमटा काढल्यावर होतो. रक्त परत आलं की बऱ्याच पेशी तेव्हा मरायला लागतात. पेशीच्या आत काही जनुकं असतात, "आता तू मर" असा निरोप देणारी. एरवी ती गप असतात. रक्त थांबून परत आलं की ती बिथरतात, आणि ज्या पेशी जगल्या असत्या त्यासुद्धा त्यांचं ऐकून मरतात. आम्ही त्या जनुकाचा निरोप वाटेतच गाठून फाडणारा एक बारीकसा तुकडा बनवतो आणि आदल्या दिवशी उंदराच्या शेपटीतल्या शिरेतून सोडतो. किडनी अशी हावरी, की रक्तातले असले तुकडे तीच आधी ओढून घेते. मग निरोप पोचत नाही, पेशी मरत नाहीत. थोड्या दिवसांनी तुकड्याचा असर जातो आणि जनुक पुन्हा बोलायला मोकळं.

आईनं नीट ऐकून घेतलं. "म्हंजी भांडण लावणाऱ्या बाईचं तोंड दोन दिस दाबून धरायचं. तंवर घरातली माणसं आपसूक शांत हुत्यात."

"अगदी तसंच."

"ग्वाड हाय की. मग मला दे ते आदल्या दिशी. माजी किडनी बाहीर काडल्यावर तिचं रगत थांबनारच न्हवं?"

हा प्रश्न येणार हे मला कळायला हवं होतं. मी म्हणाले, "आई, ते अजून उंदरांपुरतं आहे. माणसांवर चाचण्या कुठं कुठं चालल्यात, पण आपल्याला मिळेल असं औषध नाही ते. मला द्यायची परवानगी नाही. आणि असती तरी तपासल्याशिवाय मी तुझ्या अंगात काही सोडणार नाही."

"उंदराला देतीस आन आयला न्हाई?"

बाबा मोठ्यानं हसले. आईही हसली. मला मात्र ते लागलं. मी आयुष्यातली एवढी वर्षं ज्या एका गोष्टीला दिली, ती माझ्या दोन माणसांना गरज असताना मी देऊ शकत नव्हते, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं. आईनं माझ्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाली, "ऱ्हाऊ दे. बिनऔशदाची पन चांगली हाय माजी."

सासू कायद्यानं जवळच्या नातेवाइकांत मोडत नाही. त्यामुळे देणगीचा व्यवहार तर नाही ना, हे बघायला आम्हाला एका समितीपुढे उभं राहावं लागलं. लांब टेबल, पलीकडे गंभीर माणसं. मधल्या बाईंनी आईला विचारलं, "मावशी, तुमच्यावर कुणी जबरदस्ती केली का?"

"माज्यावर?" आई म्हणाली आणि बाबांकडे बघितलं. बाबांनी मान हलवली. या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"बदल्यात जावयांनी तुम्हाला काही दिलं? काही कबूल केलं?"

आईला हा प्रश्न समजेचना. तिनं तो पुन्हा विचारायला लावला. मग अतिशय समजुतीच्या आवाजात, लहान मुलीला सांगावं तसं म्हणाली, "बाई, जावयानं सासूला कायतरी दिल्यालं तुमी कदी ऐकलंय का?"

टेबलाच्या पलीकडे एका डॉक्टरांनी रुमाल तोंडाला लावला. मधल्या बाईंनी खाली बघून काहीतरी लिहिल्यासारखं केलं. त्यांचे खांदे हलत होते. त्यांच्याही घरी जावई असावा. परवानगी मिळाली.

ऑपरेशन भात झोडून झाल्यावरच, असं आईनं सर्जनना बजावलं होतं, आणि तपासण्यांना तितका वेळ लागलाच. इंद्रायणी भाताची पोती घरात आली आणि आम्ही पुण्याला गेलो. सकाळी आईला आत न्यायच्या आधी सर्जन तिला भेटायला आले, तेव्हा तिनं त्यांचा हात धरला.

"डाक्टर, येक सांगू का? तितं जोडल्यावर रगत येकदम सोडू नका. सुकल्याल्या खाचरात येकदम पानी सोडलं का बांध फुटतो. जरा जरा सोडा."

मी कपाळाला हात लावला. माझ्या ओट्यावरच्या व्याख्यानाचं हे असं पीक आलं होतं. सर्जन हसले, पण थट्टेनं नाही. "मावशी, ते आम्हाला जमत नाही. शिरा शिवल्या की चिमटा काढायचा, रक्त येतंच. पण तुमची किडनी आम्ही बर्फात थंड ठेवतो आणि वेळ घालवत नाही."

"बर्फात?" आई म्हणाली. "सर्दी हुईल की तिला." आणि तिची गाडी आत गेली.

ऑपरेशन दोन्हीकडे व्यवस्थित झालं. नवी किडनी जोडली, ती गुलाबी झाली, सर्जननी बाहेर येऊन तसं सांगितलं. आता राहिली एकच गोष्ट. ती कामाला लागायची. म्हणजे लघवी व्हायची.

झाली नाही. संध्याकाळपर्यंत पिशवीत जेमतेम तळ ओला झाला. डॉक्टर म्हणाले, "जिवंत माणसाची किडनी बहुतेक वेळा लगेच सुरू होते, पण कधी कधी थकलेली असते. झोपलीय. उठेल." दुसरा दिवसही तसाच गेला. सगळे मला धीर देत होते, आणि मला एकटीलाच कळत होतं की आत काय चाललं असेल. सूक्ष्मदर्शकाखाली मी ते इतक्या वेळा बघितलंय. ज्या उंदरांना आम्ही काहीच देत नाही, त्यांच्या किडनीतल्या नळ्यांची अवस्था माझ्या डोळ्यांसमोर येत होती. ज्यांना देतो, त्यांच्या नळ्या कशा नीटनेटक्या असतात, तेही आठवत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या उंदरांचा हेवा वाटला. मी घाबरले होते. आईची किडनी गेली आणि नवऱ्यालाही मिळाली नाही, तर मी दोघांच्या समोर कशी उभी राहणार होते?

विंझरहून फोनवर फोन येत होते. जावई दारात दिसला की पदर सावरून आत पळणाऱ्या बायका मला ठणठणीत आवाजात विचारत होत्या, "पावण्यांना लघवी झाली का गं?" चुलतीनं विचारलं, मावशीनं विचारलं, दूध घालणाऱ्या काकांनी विचारलं. भोरहून शाळेचे मुख्याध्यापक जरा आडून विचारत होते, "सरांची ती... प्रगती कशी आहे?" सगळ्यांना मी सांगत होते, अजून नाही. एवढ्या काळजीतही मला मधेच हसू फुटायचं आणि त्याबद्दल स्वतःचाच राग यायचा.

आईला मात्र खोटं सांगितलं. "होतेय थोडी थोडी," म्हणाले. तिनं माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी नर्सनं तिला आधार देऊन व्हरांड्यात चालवायला काढलं. नवऱ्याची खोली त्याच मजल्यावर, टोकाला, बंद काचेआड. मी मागून येत होते. टाक्यांवर हात दाबून, पाय ओढत आई त्या काचेपर्यंत गेली. जावई आत झोपला होता. तिनं पदर डोक्यावर घेतला, आणि मग बोटानं काचेवर टकटक करून, जावयाच्या तोंडाकडे न बघता, थेट त्याच्या पोटाकडे बघत ओरडली.

"येवडी वर्सं माज्यात ऱ्हाऊन गुमान काम क्येलंस, आन तितं जाऊन पावनी म्हणून बसलीस व्हय गं? ऊठ! लाग कामाला! कोन वाडून देनार हाय तुला तितं?"

व्हरांडा थांबला. सलाइनचा खांब ढकलणारे एक आजोबा थांबले. नर्सनं आईला आवरायचं सोडून भिंतीला टेकून हसायला सुरुवात केली. आत नवरा जागा झाला होता. त्याला शब्द ऐकू गेले नसावेत, पण काचेपलीकडे आपली सासू आपल्या पोटावर ओरडते आहे हे त्याला दिसलं. त्यानं घाईघाईनं पांघरूण नीट केलं आणि झोपल्याझोपल्या दोन्ही हात जोडले. मी हसत होते आणि मला रडूही येत होतं. आईला परत खाटेवर निजवताना मी म्हणाले, "आई, ओरडून किडनी सुरू होत नाही."

"तुजी जनकं का काय ती, त्यास्नी गप करतीस न्हवं तू? म्या माज्या किडनीला बोलती क्येली तर तुजं काय जातंय?"

पुढे जे झालं ते ओरडण्यानं झालं, असं मी म्हणणार नाही. मी त्या विषयातली आहे, मला ते शोभणार नाही. जगलेल्या पेशी वाढून मेलेल्यांची जागा भरतात आणि त्याला थोडा वेळ लागतो, इतकंच. पण विंझरमध्ये कुणालाही विचारा, ते वेगळं सांगतील, आणि मी तिथं हल्ली वाद घालत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी नर्सनं मला गाऊन आणि मास्क घालून आत बोलावलं. तिनं पिशवी उचलून दाखवली. पिवळीधमक, भरलेली. "ही दुसरी," ती म्हणाली. "पहिली पहाटेच बदलली." मी त्या पिशवीकडे बघत राहिले. माझ्या कामातला कुठलाही निकाल बघून मला असा आनंद झालेला नाही.

डॉक्टर आले, आकडे बघितले, नवऱ्याच्या पायावर थाप मारून म्हणाले, "आता पाणी प्या. भरपूर. जितकं बाहेर जाईल तितकं आत गेलं पाहिजे."

ते गेल्यावर नर्सनं ग्लास भरून त्याच्या हातात दिला. त्यानं तो घेतला, पण प्यायला नाही. माझ्याकडे बघत राहिला. मला आधी कळलंच नाही, हा का थांबलाय. मग कळलं. दोन वर्षं त्याचं पाणी मी मोजून देत होते. किडनी चालत नसली की प्यालेलं अंगातच साठतं, म्हणून. उन्हाळ्यात तो माझ्यापुढे भांडं धरून "एक घोट?" विचारायचा, आणि मी नाही म्हणायचे. तो चूळ भरायचा तेव्हा गिळत तर नाही ना, हे बघायला मी दारात उभी राहायचे. त्या दोन वर्षांत त्यानं विनोद सोडला नाही, पण पाणी मागताना तो कधी विनोद करायचा नाही.

"पी," मी म्हणाले.

त्यानं डोळे मिटले आणि ग्लास तोंडाला लावला. घटाघटा आवाज झाला. थोडं पाणी हनुवटीवरून छातीवर ओघळलं, ते त्यानं हातानं पुसून ओठाला लावलं. ग्लास रिकामा झाला. मग तो मागे केला नाही, तसाच माझ्यापुढे धरला आणि हळूच, नेहमीच्या त्याच आवाजात विचारलं, "अजून एक घोट?"

मी ग्लास भरून दिला. मग पुन्हा भरला.